हाताने लिहिलेली मेकफाइल व इतर मिळकत

मी, बर्फ कारखान्याचा निवृत्त प्रोग्रामर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. फुप्फुसांनी साथ सोडली असली तरी डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास खाली सही करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारावे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तरी मी जुमानला नसता.

१. टेकडीवरील माझी सदनिका आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या थोरल्या बहिणीस, म्हणजे ताईस द्यावे. अट एकच: कारखान्याच्या भिंतीमागची कामगार वसाहतीतली खोली तिने ताबडतोब सोडावी. "यांचे कपडे अजून इथंच आहेत," असे ती म्हणेल. कपडे सोबत न्यावेत.

२. माझा जुना संगणक, त्यातील मेकफाइलसह, ताईच्या मुलास, माझ्या भाच्यास. याचे कारण नोंदवणे भाग आहे.

बर्फाच्या यंत्रांतून अमोनिया वायू फिरतो. तो गळला तर भोंगा वाजवून यंत्रे बंद करणारा प्रोग्राम माझा. त्याचा कोणता तुकडा कुठून घेऊन कशाला जोडायचा, हे मी मेकफाइलीत हाताने लिहीत असे. एखादा तुकडा जागेवर नसला की प्रोग्रामची बांधणी तिथेच अडून बसे. संगणक बदलला की ती फाइल दुरुस्त करताना नाकी नऊ येत. माझ्या जागी भाचा लागला तेव्हा त्याने विचारले, "मामा, तुमची फाइल तुमच्याशिवाय कुणाला कळते? उद्या तुम्ही नसलात तर?" प्रश्न रास्त होता. त्याने माझ्या फाइलीऐवजी हेच काम आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहिली. ती संगणक स्वतःच तपासते, सापडेल ते घेते, न सापडेल ते वगळते आणि पुढे जाते.

मग कार्यालयात नवा संगणक आला. वायू ओळखणाऱ्या सूचकाचा तुकडा त्यावर नव्हता. स्क्रिप्टने शेकडो ओळींत एक ओळ छापली, 'सूचक: नाही', आणि तो भाग गाळून प्रोग्राम बांधून दिला. पुढच्याच महिन्यात वायू गळला. भोंगा वाजला नाही. यंत्रघरात दाजी होते, ते जिवंत बाहेर आले नाहीत. ताईचे यजमान, भाच्याचे वडील.

चौकशीत दाजींना डुलकी लागल्याचे ठरले. मी भाच्याला ती ओळ दाखवली. तो म्हणाला, "बांधणी तर विनातक्रार झाली होती, मामा." मग हळूच म्हणाला, "हे खरं धरलं, तर आईसमोर जेवायला कसा बसू?" त्यानंतर तो माझ्याकडे फिरकलेला नाही.

३. व्यवस्थापकांना मी वारंवार कळवले. "चौकशी मिटलीय, आता कशाला उकरून काढता?" म्हणाले, आणि मला फाटकातून आत सोडू नये असे पहारेकऱ्याला सांगितले. त्यांनाही माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नये. फुले पाठवल्यास परत करावीत.

४. भाच्या, तुझ्यावर माझा राग नाही. स्क्रिप्ट ठेव. पण सूचक सापडला नाही तर तिला थांबायला लाव. एका ओळीचे काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणी करणार नाही. तोच प्रोग्राम इतर कारखान्यांतही गेला आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. याची प्रत मी तुला आजच धाडत आहे.

लिहिले ते वाचून पाहिले, पटले, सही केली.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), शेजारचे शिंपी (सही)

ठिकाण: ताईची खोली, कामगार वसाहत

दिनांक: गळतीपासून बंद असलेला कारखाना पुन्हा सुरू होण्याआधीचा दिवस