ह्यांची शर्यतीची गाडी आणि तुझी मारुती

हुडकेश्वर, नागपूर
सोमवार

चि. अंकुश यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

या महिन्यात घरी आलेले सामान असे: जीपचे जुने इंजिन गिअरबॉक्ससह एक (अकरा हजार), तारांची चाके चार (सहाशेला एक, वाकडे पाचशेला), आणि शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी शर्यतीच्या गाडीचा धुरकट फोटो एक (फुकट, पण बाकी सारे त्याच्यापायीच). आम्ही देवाच्या कृपेने ठीक. तुझ्या सरिताचे गुडघे कसे आहेत?

फोटोतल्या गाडीला म्हणे मागची चाके ढकलत नसत, पुढची ओढत. तशीच अंगणात बनवायची, असे तुझ्या भाऊजींनी ठरवले. आयटीआयत एकतीस वर्षे पोरांना इंजिने शिकवली, पण अख्खी गाडी कधी बनवली नाही, ही त्यांची खंत. (बैलही पुढेच जुंपतात, यात नवीन काय, असे मी म्हटले. ह्यांनी ते वहीत लिहून घेतले.) अडचण एकच, पुढचे चाक फिरलेही पाहिजे आणि वळलेही पाहिजे. तसे सांध्यांचे दांडे भंगारात मिळेनात. अंगणात मात्र तसे दांडे असलेली एक गाडी उभी होती. अंकुश, ती तुझी मारुती. बदली झाली तेव्हा "ताई, सांभाळजो" म्हणून ठेवून गेलास. मी सांभाळलीही, दर शनिवारी पुसत होते. एका गुरुवारी देवळातून परत आले तर ती चार विटांवर बसलेली. (विटा आपल्याच.)

काल पूजा झाली. गुरुजींनी चाकांपुढे लिंबे ठेवली, हे गॉगल लावून बसले, पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे निघाली. घाबरून दुसरा टाकला तर आणखी जोरात मागे. पुढच्या चाकांसाठी इंजिन तोंड फिरवून बसवले, त्यामुळे चाकेही उलटी फिरली, हे आयटीआयच्या मास्तरांना तेव्हा कळले. तुळशीला उलटी प्रदक्षिणा घालून गाडी शेजारच्या जयवंताबाईंच्या कुंपणात थांबली. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "काहून वं वहिनी, भाऊजी शर्यतीले जाऊन राहिले का परत येऊन राहिले?"

मी म्हटले, "पहिला नंबर आहे वं बाई. हरलेल्यांची तोंडं पाहत पाहत जिंकून राहिले."

लिंबे अखंड राहिली. ती सरबताला चालतील का, ते गुरुजींच्या पोथीत नाही. गाडीच्या पोटातले मोठे दातेरी चक्र दुसऱ्या बाजूने बसवले की गाडी सरळ जाईल, असे हे म्हणतात. तोवर पुढे जायला एक गिअर, मागे जायला तीन. तुझी गाडी गेली ती गेलीच. तू रागावलास तर चूक तुझी नाही.

तुझी,
पुष्पलताताई

ता. क. अंकुशने मागितली तर दोन दिवसांत सारे खोलून मारुती होती तशी करून देतो, असे हे म्हणाले. शब्दाचे पक्के आहेत, देतीलच.

आणखी ता. क. म्हणूनच मागू नको. निवृत्त झाल्यापासून आठ महिने हे भिंतीकडे पाहत बसले होते. ताट वाढले तर "ठेव तिथे" म्हणायचे. आता जुने विद्यार्थी येतात, अंगणात वाद घालतात, हे हाताचे ग्रीस न धुता पोळी मागतात आणि मी ओरडते. तेव्हा उलट टपाली ह्यांच्याच नावाने पत्र टाक आणि गाडी नको म्हणून लिही. पण चार शब्द रागाचे घाल, नाही तर मी सांगितले हे त्यांना कळेल. राग तुला वेगळा आणावा लागणार नाहीच.