मायक्रोस्कोपची खंडेनवमी

१४ ऑक्टोबर २०१५
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
आपल्या सहकारी रोपवाटिकेत मायक्रोस्कोप आला. कॅमेरा, स्क्रीन, सगळं. पण उलटा पाठवला! दिवा वर, भिंग खाली. कंपनीला फोनवर झापणार होतो. लॅबच्या शिवकन्या मॅडम म्हणाल्या, असाच असतो, बाटलीतल्या पेशी खालून बघायच्या असतात. मला माहीत होतं. त्यांची परीक्षा घेतली.

१६ ऑक्टोबर
तालुक्यातला ऊस वाळला. फक्त मंजुळाबाईंच्या वावरात एक बेट हिरवंगार, तेही पाण्यावाचून! त्याच्या शेंड्यातल्या पेशी मॅडम बाटलीत वाढवतायत. त्यातून लाखभर रोपं, प्रत्येक सभासदाला. माझ्यासारखा चेअरमन होणे नाही.
मंजुळाबाई मॅडमना म्हणाल्या म्हणे, "लेकरावानी जपा बाई." जपायला मी आहे की.

खंडेनवमी
आज हत्यारांची पूजा. आपलं हत्यार मायक्रोस्कोप. मॅडम सुट्टीवर, तेव्हा अडवणारं कोणी नाही. हळद-कुंकू थेट भिंगाला. त्याचं तोंड वर असल्याने सोपं गेलं. बाटली उघडून पेशींवरही चिमूटभर हळद.
दोन्ही बाजूंना ऊस बांधला. दुष्काळात ऊस कुठला? मंजुळाबाईंचं बेटच मुळासकट आणलं. नको म्हणत होत्या. मी समजावलं, जीव आता बाटलीत हाय, वावरात नुसतं चिपाड. नंतर तोच ऊस प्रसाद म्हणून वाटला. लई गोड. व्हाइस चेअरमन गहिनीनाथने एक पेर शिल्लक ठेवलं नाही.
संध्याकाळी स्क्रीन लावला. पिवळ्याधमक पेशी! गहिनीनाथ ओरडला, सोनं हाय बे, सोनं!

२४ ऑक्टोबर
आता पांढऱ्या पेशीही आल्या, कापसासारख्या. शिवाय काळे ठिपके. एका बाटलीत तीन वाण! सभेत जाहीर केलं. टाळ्या थांबेनात.

२६ ऑक्टोबर
मॅडम आल्या. स्क्रीन बघून खुर्चीत बसल्या. पिवळी ती हळद, पांढरी-काळी बुरशी, उसाचं काही जिवंत नाही, म्हणाल्या. ऐन सणात सुट्टी घेतल्याबद्दल मी त्यांना माफ केलं. त्या म्हणाल्या, बेट आहे ना, नवा शेंडा आणू.
मी चहा मागवला.

२७ ऑक्टोबर
लॅबमागे चिपाडं शोधली. शेळ्यांनी खाल्ली. शेळ्यांचा बंदोबस्त करायला हवा.
तेवढ्यात मंजुळाबाई आल्या. बाटली हातात घेतली, पांढरं बघून डोळे भरले त्यांचे. लई वाढलं की हो, म्हणाल्या. मी हो म्हटलं.
मग कनवटीची हळदीची पुडी सोडायला लागल्या. मी हात धरला. बाई, हळद नको.
"कावून नको?" म्हणाल्या.
उद्यापासून लिहिणं बंद.