दोन बोटांची खूण

२ सप्टें.
खांदा आज बरा. डॉक्टर म्हणाले होते, हात डोक्यावर गेला की सांगा. डोक्यावर नाही, कानापर्यंत गेला. वेणी घालून झाली तेच खूप.
भुईमुगात पुन्हा डुकरं. ओढ्याकडची पट्टी पार उकरलीय. सर्जेराव भावजी बघून गेले. धाकटे दीर, शेत शेजारीच, माझ्या बंदुकीच्या परवान्यावर राखणदार म्हणून त्यांचंही नाव आहे. जाताना म्हणाले, "वहिनी, नोव्हेंबरात परवान्याची मुदत संपतीया. खांदा ह्यो असा. बंदूक माज्याच नावावर करा की."
प्रेमानंच म्हणाले, म्हणून जास्त लागलं. हे गेल्यावर परवाना माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात मी. देणार नाही.

५ सप्टें.
साताऱ्याला, शिकलगार चाचांकडे. आमची ठासणीची बंदूक यांच्या वेळेपासून तेच बघतात. विचारलं, दारू कमी घातली तर? खांद्याला धक्का कमी बसेल. डुकरं मारायची नाहीतच, हवेत बार काढून हाकलायची, मग एवढा दणका कशाला?
चाचा हसले नाहीत. म्हणाले, चालेल, पण ठासायची घट्ट, मध्ये पोकळी राहता कामा नये. निघताना म्हणाले, "बेटी, घरात जो जो बंदुकीला हात लावतो, त्याला सांगून ठेव."
हो म्हटलं.

७ सप्टें.
दारू ठासायच्या गजाला खूण केली. यांनी शिकवलेली रीत अशी: गज नळीत सोडायचा. तोंडाशी बरोबर बसला तर बंदूक रिकामी, चार बोटं वर राहिला तर भरलेली. "मधलं काही नसतं," म्हणायचे. आता मधलं आहे. दोन बोटं. कानशीनं बारीक खाच पाडली आणि वर काजळी चोळली. कुणाला दिसायला नको.

९ सप्टें.
पहिला अ. बा. (अर्धा बार). खांदा जागेवर! बांधावरचे कावळे उडाले तेवढे. भावजी पलीकडे चारा कापत होते, तिथून ओरडले, "वहिनी, बार हुता का शिंक?"
मी म्हटलं, दारू सादळली असेल.
का म्हटलं कोण जाणे. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पारावर माझं नाव फुसका बार पडलं असतं. आणि मग, झेपत नाही तर द्या की बंदूक, हे आलंच.

१५ सप्टें.
रोज पहाटे एक अ. बा. सहा दिवस झाले, डुकरं ओढ्यापलीकडेच. शेंगा भरतायत. आपलं आपण राखतोय याचा एवढा आनंद होतो, पण सांगायचं कुणाला? इथे लिहिते.

२१ सप्टें.
पहाटे बार भरला पण डुकरं आलीच नाहीत. बंदूक तशीच, ठिणगीची केप न लावता, शेतातल्या खोपीत ठेवली. चूक इथूनच. मेढ्याच्या दवाखान्यातून फोन, खांद्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाई आज तिथे लवकर येणार. खोपीची किल्ली भावजींकडे देऊन गेले.
दुपारी येते तर भावजी बांधावर, बंदूक खांद्याला, केप लावलेली. खुशीत होते. "तुमची दारू सादळलीया वहिनी. गज टाकला तर दोनच बोटं. वरनं कोरड्या दारूचा पुरा बार ठासला बगा. आता दावतो डुकरांस्नी."
म्हटलं, खाली घ्या. आधी केप काढा. माझा असा आवाज मीच कधी ऐकला नव्हता.
गज टाकला. सहा बोटं.
नळीत पाणी ओतलं.

२२ सप्टें.
चाचा पहिल्या एसटीनं आले. एकेक ओढून काढून वर्तमानपत्रावर मांडलं: चिंध्या, दारू, पुन्हा चिंध्या, पुन्हा ओली दारू. म्हणाले, जुनी नळी आहे, फाटली असती, डावा हात तरी गेलाच असता. मग विचारलं, "खालचा बार कुणी भरलेला?"
मी तोंड उघडायच्या आत भावजी म्हणाले, "चूक माजीच हाय चाचा. न इचारता हात लावला."
चाचांनी गज उचलला, अंगठा खाचेवरून फिरवला. काजळी अंगठ्याला लागली. धोतराला पुसली, चहा घेतला, गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

२५ सप्टें.
भावजी बांधाकडे फिरकत नाहीत. जाऊबाई सांगत होती, जेवण धड नाही. पारावर आपणहून सांगतात म्हणे, "वहिनीची बंदूक चांगली हाय, माज्याच अकलेचा बार फुसका."
गावात आता मला कुणी काही म्हणणार नाही. मला हवं होतं तसंच झालंय सगळं.
डुकरं काल आली. बार काढला नाही, डबा वाजवला.

२९ सप्टें.
भावजी आले. अर्ज घेऊन. राखणदार म्हणून आपलं नाव कमी करावं, असा. खाली त्यांची सही झालेली. म्हणाले, "तुमची तेवढी ऱ्हायली. हितनं फुडं बंदूक एकट्या तुमची."
एकट्या माझी. याच्यासाठीच ना सगळं?
चहा दिलाय. ओसरीवर बसलेत, बशीत ओतून, नेहमीसारखे फुंकर घालत. पेन आणते म्हणून आत आले. पेन केव्हाच सापडलं आणि मी हे लिहीत बसलेय. गज दाराआड उभा आहे. काजळी निघाल्यापासून खाच इथूनही दिसते.
अर्जावर सही करून जायचं की गज घेऊन.
बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.