एव्हर्टच्या बोटीचा पाय आणि बंदरवहीतील नोंद

दिनांक ११ ऑक्टोबर २०१८. सकाळी तापमान दोन अंश, वारा उत्तरेचा. काल बोट पाण्याबाहेर काढून माझ्याच आवारात, लाकडांच्या कोठाराशेजारी ठेवली. गिअरचे तेल काढून नवे भरले. आज दुपारी दोन वाजता साक्षीदार येणार आहेत. कॉफी आणि काळा पाव काढून ठेवला आहे.

मी, गुनेल सोदरहोल्म, वय ७१, निवृत्त औषधनिर्माती, राहणार नोर्रविक, ऑलंड बेटे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला हे लिहायला कोणी सांगितलेले नाही. उलट गावातल्या बऱ्याच जणांना मी हे लिहू नये असेच वाटेल. माझे पती एव्हर्ट गेल्या वर्षी ९ ऑक्टोबरला वारले. आम्हाला मूल नाही.

कलम १. घर, कोठार, बँकेतील शिल्लक आणि बोट माझ्या पश्चात माझ्या नणंदेची मुलगी तुवे हिला मिळावी. ती आमच्या बेटांमधल्या फेरीबोटीवर इंजिनखोलीत काम करते आणि मला मामी म्हणते. बोटीचे दोन्ही प्रोपेलर तिलाच मिळावेत. ते एकापुढे एक बसतात आणि उलट दिशांना फिरतात. एक भिंतीवर टांगायला म्हणून कोणी मागितला, तर देऊ नये.

कलम २. एव्हर्टची हत्यारेही तुवेला. फक्त मोठी आरी शेजारच्या सिग्नेला द्यावी. ती टपाल वाटते, पण लाकडे स्वतः कापते आणि नेलेली वस्तू परत आणते. मायव्होरकडे असलेले माझे केकचे ताट मात्र आता मायव्होरकडेच राहू द्यावे. अकरा वर्षे झाली, त्याला तिथली सवय झाली असेल.

कलम ३. या कलमासाठीच मी कागद घेऊन बसले. हे वाचणारा अधिकारी बोटवाला नसेल, म्हणून आधी थोडे सांगते. आमच्या बोटीचे इंजिन आत असते आणि गिअर व प्रोपेलर मागच्या बाजूला, बाहेर पाण्यात असतात. त्या बाहेरच्या भागाला आम्ही पाय म्हणतो. तो वर उचलता येतो, खाली सोडता येतो. उन्हाळ्यात बोट धक्क्याला असते तेव्हा पाय वर ठेवतात, त्यावर शेवाळ धरू नये म्हणून. हिवाळ्यात जमिनीवर मात्र तो पूर्ण खाली हवा. वर राहिला, तर इंजिनाचा धूर निघतो त्या मागच्या भोकातून पावसाचे आणि बर्फाचे पाणी आत साठते, गोठते, फुगते आणि ओतीव धातूला चीर पाडते. हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

एव्हर्टने २८ सप्टेंबर २०१७ रोजी बोट वर काढली. त्याच दिवशी तेल बदलले, प्रोपेलर काढून घरी आणले, बोटीच्या बुडाच्या भोकाची गुडदी, म्हणजे बूच, इंजिनाच्या किल्लीला बांधली आणि पाय खाली सोडला. अकरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, लाकडे फोडून आत आला, स्वयंपाकघरात बाकावर बसला आणि गेला. तो एक दिवसही आजारी नव्हता. हे मी मुद्दाम लिहीत आहे.

अंत्यविधी २१ तारखेला झाला. मी चर्चमध्ये होते तेवढ्यात गावातल्या सहा जणांनी आमची बोट ओढून गावच्या मैदानावर नेली. पाहुण्यांच्या गाड्यांना जागा हवी होती. संध्याकाळी बंदर समितीचा प्रमुख बेर्ट्येल माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "गुनेल, बोटीची चिंता आता सोड बघ. आम्ही नेली. ताडपत्रीसुद्धा घातली."

"निळी आहे," त्याची बायको मायव्होर म्हणाली. "छान दिसते गं लांबून."

"काही हलवलं नाही ना?" मी विचारले.

"काय हलवायचंय? झोपलेल्या बाळासारखी उचलली!"

मी आभार मानले आणि सर्वांना कॉफी दिली. गावाने मिळून, पैसे न घेता केलेल्या कामाला आम्ही तालको म्हणतो, आणि तालकोतल्या कामाला नावे ठेवायची नाहीत ही इथली रीत आहे. मी ती जन्मभर पाळली. यजमानाने कॉफी द्यायची आणि गप्प बसायचे.

१९ मे रोजी सगळ्या बोटी पाण्यात सोडल्या. तुवेने येऊन प्रोपेलर बसवले. पाय वर होता, पण बोट सोडताना तो वर असावाच लागतो, म्हणून तिला काही वाटले नाही. पाय खाली सोडून तासभर झाला असेल, तोच पाण्यावर तेलाचा रंगीत पट्टा पसरला. बोट परत वर घेतली. खालच्या भागाला बोटभर लांब चीर होती. आणि वरच्या कडीला केशरी दोरीचा तुकडा लोंबत होता, गाठीसकट. नोर्रविकमध्ये केशरी दोरी एकच माणूस वापरतो.

"बेर्ट्येल, पाय हिवाळाभर वर बांधलेला होता का?" मी विचारले.

"अगं, वाटेत दगड होता. उचलला नसता तर घासला असता."

"आणि मैदानात पोचल्यावर?"

"ते काय मला आठवतंय? सहाजण होतो आम्ही."

"गाठ तुझी आहे."

"गाठ कुणाचीही असते गं. चल, तू दमलीयस. मायव्होर, हिला बसव जरा."

मी बसले नाही. धक्क्याच्या टोकाला जाऊन तो इतरांना म्हणाला ते मला ऐकू आले, कारण पाण्यावरून आवाज लांब जातो. "एव्हर्टचं शेवटी शेवटी लक्ष नव्हतं. आजारी माणूस. आपण काय बोलायचं?" दुसऱ्या दिवशी बंदरवहीत त्याच्या अक्षरात नोंद होती: *एव्हर्ट सोदरहोल्मच्या बोटीतून तेलगळती. कारण, मालकाने हिवाळ्याआधी देखभाल केली नाही.*

ज्या माणसाने तेवीस वर्षे देखभालीचा एक दिवस चुकवला नाही, त्याच्याबद्दल हे लिहिले. तो उत्तर देऊ शकत नव्हता तेव्हा लिहिले. लिहिणारा माझ्याच कपातून कॉफी प्यायला होता. दगडासाठी पाय उचलला, याचा मला राग नाही. मीही उचलला असता. ते सहाजण तो खाली सोडायला विसरले, याचाही आता उरलेला नाही. राग त्या ओळीचा आहे.

कलम ४. पुरावा. एव्हर्ट दर शरद ऋतूत पायातले जुने तेल काढायचा तेव्हा मी औषधाच्या दुकानातून आणलेल्या बाटलीत त्यातले थोडे भरून ठेवत असे. बाटलीवर वर्ष तो स्वतः लिहायचा. पाणी शिरले असेल तर तेल दुधाळ होते. १९९५ ते २०१७ अशा तेवीस बाटल्या तळघरात आहेत. तेविसही उजेडासमोर धरून पाहाव्यात. पलीकडचे बोट दिसते. शेजारी मे २०१८ ची बाटली आहे, तिच्यातले तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे आहे. या सर्व बाटल्या, केशरी दोरीच्या तुकड्यासह, बंदर समितीच्या खोलीत बंदरवहीच्या शेजारी ठेवाव्यात.

कलम ५. गावाच्या धक्क्याकडे जाणारी वाट माझ्या जमिनीतून जाते. ती जमीन मी बंदर समितीला देत आहे, एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या वार्षिक सभेत बंदरवहीतली ती नोंद रेघ मारून दुरुस्त करावी, खाली खरे कारण लिहावे आणि ते मोठ्याने वाचावे. कोणाचे नाव घातले नाही तरी चालेल. एव्हर्टचे मात्र निघाले पाहिजे. तसे न झाल्यास वाट तुवेची, आणि तिने तिथे साखळी लावली तर तिला कोणी बोल लावू नये.

कलम ६. तुवेसाठी. नवा खालचा भाग तू शोधून बसवलास, त्याला जप. काढताना मागचा नट आधी, मग मागचा प्रोपेलर, मग पुढचा. दोन्ही काढल्याशिवाय दांड्याला गुंडाळलेला मासेमारीचा दोरा दिसत नाही, आणि तो दोरा पाणी अडवणारे सील कापतो. तेल खालच्या भोकातून भर, वरच्यातून येईपर्यंत. वायसर नवे घाल, जुने चालतील असे वाटले तरी. दांड्याला ग्रीस. गुडदी किल्लीला बांध, म्हणजे वसंतात ती लावल्याशिवाय किल्ली हाती येणार नाही. पाय खाली. मी हे तेवीस वर्षे शेजारी बाटली धरून पाहिले आणि काल पहिल्यांदा एकटीने केले.

साक्षीदार म्हणून मी सिग्ने फाग्रलुंड आणि बेर्ट्येल एक्होल्म यांना बोलावले आहे. बेर्ट्येल स्वतः वारस नाही, समिती आहे. हे चालते का, ते वकिलाला विचारून घेतले आहे. साक्षीदाराला मजकूर वाचण्याची गरज नसते. वाचायचा असल्यास माझी हरकत नाही.

हे सर्व मी समजून लिहिले आहे आणि खालील दोघांसमक्ष सही करत आहे.

गुनेल सोदरहोल्म
साक्षीदार: सिग्ने फाग्रलुंड, टपाल वाटप
साक्षीदार: बेर्ट्येल एक्होल्म, मच्छीमार
नोर्रविक, ११ ऑक्टोबर २०१८

साक्षीदार गेल्यानंतरची नोंद. ही मृत्युपत्राचा भाग नाही.

दोघेही वेळेवर आले. सिग्नेने लगेच सही केली. बेर्ट्येलने पेन घेऊन विचारले, "काय लिहिलंयस एवढं?"

"वाच की."

"कशाबद्दल आहे?"

"पायाबद्दल."

तो खिडकीतून बोटीकडे पाहत राहिला. कागद उलटला नाही. सही केली, कॉफी संपवली, टोपी घातली. दारात थांबून म्हणाला, "यंदा पाय खालीच ठेव हं, गुनेल. वर राहिला की पाणी गोठतं आत."

"हो," मी म्हणाले. "फुगतं."

ते गेल्यावर मी बाहेर आले. पाय कालपासून खालीच होता. तरी मागच्या भोकात हात घालून पाहिला, कोरडे होते. दोन्ही प्रोपेलर हातगाडीवर घालून तळघरात नेले, पुसले, वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळून एकाच खोक्यात ठेवले. गुडदी आणि किल्ली खिळ्याला टांगली. मग काल काढलेल्या तेलाची बाटली घेतली, चिठ्ठीवर २०१८ लिहिले आणि ओळीच्या शेवटी ठेवली.