सासूबाईंची निलगिरी

तीर्थस्वरूप नंतेगे आत्यास,

लुबुलवाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, कॉफीची झाडं आणि ती मारकी गाय बरी असतील असं धरून चालतो. इथे सकाळी दरीतून धुकं वर येतं, केळीची पानं त्यात तरंगतात, आणि गणित शिकवता शिकवता मी खिडकीबाहेर हरवतो. (मुलं समजूतदार आहेत, हाक मारत नाहीत.)

तुझी भाचेसून, माझी नामूली, माहेरी जाऊन बसली होती, हे तुला कळलंच असेल. सासूबाईंच्या अंगणातली निलगिरी त्यांच्या स्वयंपाकघराकडे कलली होती. ‘ते झाड पाडा, मगच मी येईन,’ म्हणाली. झाड पडणार कललेल्या बाजूलाच. चोवीस मीटरवरच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचेल का, एवढाच प्रश्न. त्यात जावयाने सासूच्या जवळ फिरकायचं नाही (फिरकलं तर हात थरथरायला लागतात, हे तूच शिकवलंस), म्हणजे लांबूनच उंची काढायची. आत्या, त्रिकोणमिती जावयांसाठीच जन्माला आली असावी! नामूलीने बुंध्यापासून माझ्यापर्यंत दोरी धरली: पंचवीस मीटर. मी कोनमापक डोळ्याला लावतोय, तोच सासूबाई कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आल्या. मी मान खाली घालून मागे सरलो. त्या आत गेल्या आणि मी शेंड्याकडे पाहिलं. तिथे एक ढग टेकला होता, इतका सुंदर, की कोन लिहून घेतल्यावरही मी बघतच राहिलो. चाळीस अंश. उंची साडेबावीस मीटर (माझ्या डोळ्यांची उंची धरून; मी काही अडाणी नाही). लाकूडतोड्यांना छातीठोकपणे सांगितलं, दीड मीटर आधीच थांबेल. झाड सावकाश, स्वप्नात पडावं तसं पडलं, आणि शेंडा छपरातून थेट चुलीत. सासूबाई शेजारी गेल्या होत्या म्हणून वाचल्या. गणित दहादा तपासलं, चूक सापडत नाही.

नामूलीने मात्र शब्द पाळला. घरी आली, आईला घेऊन. एका छपराखाली सासू-जावई कसे राहणार? म्हणून मी सध्या शाळेत, बाकावर झोपतो. इथून आमच्या घराचा धूर दिसतो. मी मजेत आहे, काळजी नसावी.

तुझा,
लुबुलवा

ता. क. मजेत मुळीच नाही. नामूलीची फार आठवण येते. तू लगेच ये. सासूबाई रोज कोंबड्यांसाठी त्यांच्या अंगणात जातात, त्यामुळे नव्या स्वयंपाकघराची मापं घ्यायला मला तिथे जाता येत नाही. तू घे, मी बांधून घेतो.

आणखी ता. क. नामूली आत्ताच केळीच्या पानात बांधलेलं, वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचं मतोके देऊन गेली, सोबत सासूबाईंचा निरोप: ‘जावईबापूंना सांग, त्या दिवशी ते नऊ पावलं मागे सरले होते. मी दाणे टाकता टाकता मोजली. म्हटलं, गुरुजी आहेत, त्यांनी हिशेबात धरलीच असतील.’