दुसऱ्या पानासकट

बूढापारा, रायपूर
९ जानेवारी २००१

चि. ऋतास,
अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझी मामी म्हणते, भोपाळात राहून पोट्टीचं अक्षर सुधारलं, पत्र मात्र आखूड झालं.

आता कामाचं. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, अन् खुर्च्या इतक्या आल्या की खोल्या पुरेनात. आमच्या मोटर वाइंडिंग शिकवणाऱ्या सरकारी केंद्राची इमारत एका नव्या कार्यालयाले पाहिजे. लिहून आलं आहे की केंद्राच्या मंजुरीचा आदेश दाखवा, नाहीतर ३१ मार्चले कुलूप. आमच्यापाशी आदेश नाही. जुने कागद सारे जुन्या राजधानीत, भोपाळले, तुझ्याच दफ्तरात.

अडतीस पोरं शिकून राहिली आहेत, बहुतेक बीरगावच्या मजुरांची. परीक्षा जुलैत. त्याआधी केंद्र बंद झालं तर प्रमाणपत्र नाही, अन् बिनाकागदाच्या पोराच्या पाठीवर कारखान्यात पोतंच येते. सहा पोट्ट्या आहेत. त्यातली फुलेश्वरी तर जळकी मोटर उघडली की पाणी शिरलं होतं का भार जास्त झाला होता, ते लगेच सांगते.

मी काही घाबरलो नाही. सरकारनंच केंद्र काढलं, म्हणजे कागद असणारच. तू शोध.

मामावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझा
पांडुरंगमामा


भोपाळ
२३ जानेवारी २००१

ती. पांडुरंगमामांस,
शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला! आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत कपाटं उपसत होते. आमच्या दफ्तरातले दिवाकरबाबू विचारत होते की तुम्हाला सरकारनं नोकरी दिली की उंदरांनी. आदेश १९८५ चा आहे. पहिल्या पानावर सगळं ठीक, केंद्राचं नाव, जागा, तुमचं पद, सही, शिक्का.

दुसरं पान मात्र मी तीनदा वाचलं. त्यावर एकच ओळ आहे की हे केंद्र प्रयोग म्हणून तीन वर्षांसाठी. म्हणजे मुदत १९८८ लाच संपली! मुदतवाढ कुठेच सापडत नाही. दरवर्षी पैशांची तरतूद होत गेली, म्हणून कोणी विचारलं नाही इतकंच.

मी म्हणते, पहिल्याच पानाची नक्कल पाठवते. दुसरं मागायचं कोणाच्या डोक्यात येणार आहे? खोटं तर आपण काही लिहीत नाही ना? काय ते लवकर कळवा.

मामींना नमस्कार. तुमची माया आहे, ती असू द्यावी.
ऋता


बूढापारा, रायपूर
२ फेब्रुवारी २००१

चि. ऋतास,
अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन हिंडलो. तुझ्यापाशी काय लपवू, माझंही मन झालं होतं. मग केंद्रात गेलो तर पोट्टे तार गुंडाळून राहिले होते. मी त्यांना रोज बजावतो की तारेचे वेढे चोरू नका, मोटर आज चालेल अन् ऐन कामात जळेल. हे सांगणाऱ्या तोंडानं मी अर्धा कागद कसा दाखवू? दोन्ही पानं पाठव, शिक्क्यासकट.

पण एक सांग. मुदत १९८८ ले संपली, तर त्यानंतर बारा वर्षं आमच्या पोरांची परीक्षा कोण घेत होतं? प्रमाणपत्रावर सही कोणाची? सरकारचीच ना! निकालाच्या याद्या तुमच्याचकडे असतील. मले त्या पाहिजे, दर सालच्या.

अन् तू काहून घाबरतं? रीतसर अर्ज दे. लपूनछपून काही नको.

आठवण ठेव, रागावू नको.
पांडुरंगमामा


भोपाळ
१९ फेब्रुवारी २००१

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज दिला. साहेबांनी बोलावून विचारलं की दुसऱ्या राज्यातल्या केंद्राची तुम्हाला एवढी काळजी कशाला. मी म्हटलं, सर, ऑक्टोबरपर्यंत तर ते आपलंच होतं. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

बाराच्या बारा याद्या मिळाल्या. एकीत हिरालाल हे नाव दिसलं. मामींचा कूलर दुरुस्त करायला यायचा, तोच का? सगळं रजिस्टर पोस्टानं पाठवलं आहे, दुसऱ्या पानासकट. तुमचं पत्र वाचून लाज वाटली, पण झोप छान लागली.

लोभ कमी झाला नसेल, अशी खात्री आहे.
ऋता


बूढापारा, रायपूर
६ एप्रिल २००१

चि. ऋतास,
अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

ज्यांनी आदेश मागितला होता त्यांना दोन्ही पानं दिली, अन् १४ मार्चले त्यांचं बोलावणं आलं. मी, फुलेश्वरी अन् हिरालाल असे तिघं गेलो. हो, तोच हिरालाल. आता भनपुरीत त्याचं स्वतःचं दुकान आहे, हाताखाली चार माणसं, चारही आमच्याच केंद्रातली.

अधिकारी बाई होत्या. त्यांनी सरळ दुसरं पान उघडलं. म्हणाल्या की मुदत संपून तेरा वर्षं होत आली, तुम्ही कोणत्या अधिकारानं शिकवत होता? मी याद्या समोर ठेवल्या अन् म्हटलं, मॅडम, ज्या अधिकारानं सरकार परीक्षा घेत होतं, त्याच. बाईंनी याद्या चाळल्या. मग म्हणाल्या की पास झाले खरे, पण कामाले किती लागले हे कोणाले ठाऊक? हिरालालनं यादी ओढली अन् एकेका नावावर बोट ठेवून सांगत सुटला की हा अमक्या कारखान्यात, हा रेल्वेत, हा वारला, याची बायको दुकान चालवते. तिसऱ्या यादीवर बाईंनीच हात वर करून त्याले थांबवलं. फुलेश्वरीले विचारलं की केंद्र बंद झालं तर तू काय करशील. ती छत्तीसगढीत बोलली की बंद कसं होईल, माझी तर जुलैत परीक्षा आहे. बाईंना हसू आलं. माझ्या मात्र डोळ्यात पाणी आलं, हे मामीले सांगू नको.

३० मार्चले आदेश हाती पडला. केंद्र कायम, नव्या राज्याच्या नावानं, मुदतीची अट नाही. इमारत गेली. तिच्यासाठी भांडलो, हरलो. बदल्यात बीरगावात एक रिकामं गोदाम दिलं. पोरांनी हातगाड्यांवर बाकं अन् मोटरी लादून दोन दिवसांत सारं हलवलं. मामी कुरकुरते, या वयात बीरगावपर्यंत सायकल!

काल तिथला पहिला दिवस. फाटकापाशी अकरा अनोळखी पोरंपोरी उभी. शहरात यायचं भाडं परवडत नाही म्हणून ती आजवर कधी आलीच नव्हती. मी सांगितलं की नवे प्रवेश ऑगस्टात. हव गुरुजी, म्हणाली, अन् जागची हलली नाहीत. मी पुन्हा सांगायले तोंड उघडलं, तोवर आत फुलेश्वरीनं सरकून बाकावर त्यांना जागा केली होती. मग मीही खडू घेतला.

सुट्टीत ये अन् पाहून जा. जीव लावते तशीच लावत राहा.
तुझा
पांडुरंगमामा