निम्म्या शेताचा धडा

देवणी, फाल्गुन वद्य तृतीया, फसली १३५२

तीर्थस्वरूप गुरुपादप्पा मामांच्या चरणी भाचा मन्मथ याचा शरणार्थ. लातूरच्या कचेरीत बसून बसून धरलेली तुमची कंबर आता सुटली असेल, असं धरून चालतो. इकडे मामी खुशाल, म्हैस खुशाल, आणि तुम्ही सांभाळून मास्तर केलेला हा भाचाही दोन वेळा जेवतो आहे. फक्त आठ दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. कारण सांगायलाच बसलो आहे, पण ते जरा लांबून येईल.

तालीम खात्यानं मला दोन महिने नांदेडला शिकवायचं कसं ते शिकायला धाडलं होतं, हे तुम्हांला ठाऊक आहे. तिथं सांगितलं, की पोरांकडून नुसती घोकंपट्टी करून घेऊ नका, त्यांच्या हातांना काम द्या. आल्या आल्या मी वजाबाकीसाठी प्रत्येकाला वीस-वीस फुटाणे वाटले (मामींच्या डब्यातले, त्यांना तुमच्याकडून कळेल). विसातून सात गेले तर किती उरले, हे विचारेपर्यंत कुणाजवळ काही उरलं नव्हतं, आणि तेच खरं उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिलं. मग भूगोलासाठी अंगणात मातीची मांजरा नदी केली, पाणी सोडलं. नेमके त्याच दिवशी नाजरसाहेब मुआइन्याला, शाळा तपासायला, आले आणि नडगीपर्यंत मांजरेत गेले. शेरा उर्दूत आहे. दोघांकडून वाचून घेतला. दोघांनीही थोडा गाळून वाचला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण चौथीला 'निम्मं' शिकवायचं होतं. तुमचं आणि चुलत घरच्या शांतम्माकाकूंचं शेत आजोबांच्या वेळी दोन भावांत बरोबर निम्मं वाटलं गेलं, हे अख्खा गाव सांगतो. याहून चांगलं निम्मं कुठलं मिळणार, म्हणून मी दोरीला हाताहातावर गाठी मारल्या आणि वर्ग शेतात नेला. मोजणी काकूंच्या नातीकडे, इंदूकडे दिली. नऊ वर्षांची पोर, पण हिशेबाला पक्की. काकूंच्या बाजूची रुंदी एक्क्याऐंशी हात भरली. तुमची त्र्याण्णव.

"मास्तर, तुमच्या मामाकडं बारा हात जास्ती भरलालेत," ती म्हणाली.

मी पुन्हा मोजायला लावलं. तेवढेच. तिसऱ्यांदा दोरी स्वतः धरली, जिवाच्या आकांतानं ताणली, तरी त्र्याण्णवच. तोवर काकू ज्वारीची काढणी सोडून विळ्यासकट बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी इंदूच्या पाटीकडे बघून म्हणालो, मोजणी चुकली, उन्हानं दोरी आखडली. (आखडली असेल तर दोन्हीकडं सारखीच आखडेल, हे सगळ्या पोरांना कळलं.) इंदूनं आजीकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मास्तर म्हणतेत तर तसंच आसंल, बाई." पोरीनं पाटीवर थुंकून बाहीनं ती पुसून टाकली.

तेव्हापासून ती वर्गात हात वर करत नाही. परवा मी तिला सात आणि पाच किती, म्हणून विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमाला किती पायजेत?" मामा, मला छडी उचलता आली नाही, मान वर करता आली नाही.

बांध कुणी सरकवला, हे मी विचारत नाही. पावसात बांध वाहून जातात, हे खरं. पण बाराच्या निम्मे, सहा हात वाहून पुन्हा सरळ रेषेत उभा राहिलेला बांध मी तरी पाहिला नाही. तुमच्या ताटात जेवून वाढलो, म्हणून तोंडातून ते खोटं निघून गेलं. त्या पोरीला हातानं शिक म्हणणारा मीच, आणि ती शिकली त्या घडीला तिला खोटी पाडणाराही मीच. याचा सल जात नाही. अधिक काय लिहू? प्रकृतीला जपा, आणि रागावलात तरी पत्र पुरतं वाचा.

तुमचा,
मन्मथ

ता. क. आज वर्गापुढं उभं राहून सांगितलं, की इंदूची मोजणी बरोबर होती, मास्तर खोटं बोलला. पोरं हसली; त्यांना वाटलं हाही नवीन खेळ. इंदू हसली नाही. "मग तवा खोटं का बोललाव?" म्हणाली. तिनं कागदावर दोन्ही आकडे लिहून पुढं केले, मी खाली सही केली. तो कागद आता शांतम्माकाकूंच्या घरी आहे.

आणखी एक. मृगाच्या आत बांध सहा हात मागं घ्यायला तुमचा होकार हवा. दोन ओळी पाठवा. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच.

शेवटचं. हे मामींना कळवू नका, असं विनवणार होतो. पण काल त्या स्वतः शेतात आल्या, जुना बांध जिथं होता तिथं टाचेनं रेघ ओढली. मी मोजलं. बरोबर सहा हात. तुमचं उत्तर येईल तेव्हा येईल. त्यांनी आज सकाळपासून फावडं धरलं आहे.